अक्षता पडलेली हार्ड डिस्क

धुळे आणि जळगाव हे दोन जिल्हे मिळून वायर जोडलेली अशी एकही वस्तू नसेल, जिची प्रकृती माझ्या थोरल्या साडूंनी एकदा तरी विचारली नसेल. माणसांची ते विचारतातच असं नाही. धुळ्याच्या देवपूर भागात त्यांच्या घरी गेलं की ते दारात येऊन पहिल्यांदा तुमच्या स्कूटरकडे बघतात, तिच्या टाकीवर हात ठेवतात, 'प्लग काढी दख' म्हणतात, आणि मग स्कूटरवरून आलेला मनुष्य आपला साडू आहे की दूधवाला हे तपासतात. विहिरीवरच्या मोटारी भरून देण्याचा, म्हणजे जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळण्याचा त्यांचा धंदा. सगळं देवपूर त्यांना नाना म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. नात्याने साडू, वयाने बारा वर्षांनी मोठे आणि ज्ञानाने किती मोठे ते मोजायला माझ्याकडे पट्टी नाही.

आमची पहिली भेट माझ्या लग्नाच्या बोलणीत झाली. मुलीकडचे थोरले जावई म्हणून ते मला पाहायला जळगावला आमच्या घरी आले होते. मी नवा शर्ट घालून, पगार, शिक्षण, पुढचा विचार अशी सगळी उत्तरं पाठ करून बसलो होतो. नानांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. पोह्यांची बशी हातात घेऊन ते छताकडे बघत राहिले. आमचा पंखा टक्-टक् करायचा. दोन घास खाऊन त्यांनी बशी खाली ठेवली, स्टूल मागितलं आणि मुलाकडच्या मंडळींच्या डोक्यावर उभं राहून पंखा उतरवला. बोलणी होईपर्यंत तो त्यांच्या मांडीवर उघडा पडलेला होता. परत गेल्यावर सासऱ्यांनी विचारलं, मुलगा कसा वाटला? नाना म्हणाले, "पोऱ्या चांगला शे. पन पंखाले तेल देत नही." या एका वाक्यावर माझं लग्न आठ दिवस अडलं होतं, असं आमची ही अजून सांगते.

नानांच्या कारखान्यात 'खराब' हा शब्द उच्चारायला बंदी होती. पारोळ्याकडचा एखादा शेतकरी बैलगाडीत मोटार घालून यायचा आणि म्हणायचा, नाना, मोटार खराब झाली. की नाना हातातला पान्हा खाली ठेवायचे. "खराब म्हंजे काय? ताप उना की पाय मोडना?" मग त्या माणसाला समोरच्या पिंपावर बसवून पहिल्यापासून सगळी हकिगत सांगावी लागे. मोटार कधी सुरू केली, त्या वेळी दिवे कसे होते, पाणी कुठपर्यंत होतं, आणि सर्वांत महत्त्वाचं, "शेवटला हात कोना लागना?" या प्रश्नाला खानदेशात आजवर कोणीही पहिल्या फटक्यात खरं उत्तर दिलेलं नाही. हात कुणाचाच लागलेला नसतो. मोटार आपली आपण उभी असते आणि तिच्या मनात जळायचं येतं. नाना वाद घालत नसत. ते नुसते थांबायचे. पाच मिनिटांनी तो माणूस हळूच म्हणायचा की थोरल्या भावाने जरा फ्यूजच्या जागी खिळा बसवला होता. "यंत्र खोटं बोलत नही," नाना म्हणायचे, "मानूस बोलस." आणि मग कुठे मोटारीचा पहिला नट ढिला व्हायचा.

या सगळ्याची एक वही होती. ती नानांची धाकटी बहीण सुमन लिहीत असे. लहानपणी आलेल्या तापात तिचा डावा पाय आखूड राहिला होता. आई-वडील गेल्यावर ती नानांकडेच वाढली, बी.ए. झाली आणि कारखान्याच्या दाराशी टेबल टाकून बसू लागली. वहीत तिने दोन रकाने आखले होते. एका रकान्यावर लिहिलेलं 'गिऱ्हाइकाचं म्हणणं' आणि दुसऱ्यावर 'खरं'. पहिल्या रकान्यात 'आपोआप बंद पडली' आणि दुसऱ्यात 'उंदराने वायर खाल्ली, उंदीर आत आहे' अशा नोंदी असत. मी एकदा ती वही तासभर वाचली होती. तशी करमणूक मला नंतर कुठल्याच पुस्तकात मिळाली नाही.

सुटे भाग टाकून देणं हे नानांच्या लेखी पाप. त्यांच्या फळीवर पत्र्याचे डबे होते आणि त्यावर सुमनच्याच अक्षरात चिठ्ठ्या होत्या. एकावर 'चांगले', दुसऱ्यावर 'बरे' आणि तिसऱ्यावर 'यांना एक संधी द्यावी'. मी कधी गेलो की या तिसऱ्या डब्याच्या शेजारच्या खुर्चीत मला बसवायचे. यात काही हेतू होता असं मी म्हणत नाही. पण खुर्ची दरवेळी तीच असायची.

तर हे नाना, आणि हा मी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जळगावात माझी छोटी छपाईची प्रेस होती. एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, मागे छापायचं यंत्र आणि पुढे 'येथे लग्नपत्रिका सुबक छापून मिळतील' अशी पाटी. त्या वर्षी आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याची परिचय पुस्तिका माझ्याकडे आली. दोन्ही जिल्ह्यांतली चारशेवर मुलं-मुली. प्रत्येकाचा फॉर्म हाताने भरलेला. जन्मवेळ, उंची, मामांचं गाव, अपेक्षा. मी आणि माझी बायको, आम्ही दीड महिना ते टाइप करत होतो. कॉम्प्युटरच्या पोटात तेवढी जागा नव्हती म्हणून मी मोठ्या हौसेने बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणली. पुरणपोळीच्या डब्याएवढी ती होती. कॉम्प्युटरला प्रिंटरची वायर जिथे लागते तिथे हिची वायर लावायची, आणि प्रिंटर हिच्या पाठीला जोडायचा. आमच्या गल्लीत असं काही पहिल्यांदाच येत होतं, त्यामुळे लोक ती बघायला यायचे आणि मी त्यांना जुन्या जहागीरदारासारखा दाखवायचो. चारशे संसारांची बीजं त्या डब्यात जमा झाली, आणि त्यांत देवपूरच्या सुमनचंही एक होतं.

आता माझ्या हुशारीचा क्रम सांगतो, म्हणजे तुम्हाला पुढचं समजणं सोपं जाईल. दसऱ्याआधी प्रेसची साफसफाई काढली. टाइपिंग संपलं होतं, प्रूफं पडद्यावरच तपासून झाली होती, फॉर्मांचं पोतं दारात पडलेलं होतं. मी ते घरी नेलं आणि चार दिवस अंघोळीच्या बंबात घातलं. पाणी छान तापलं. दुसरी हुशारी अशी की छपाईला सगळं तयार असूनही मी ती सुरू केली नाही. एवढं मंगल पुस्तक, ते दसऱ्याच्या मुहूर्तावरच छापायला घ्यायचं, असं मी मेळाव्याचे अध्यक्ष आबा यांना सांगितलं. आबा गहिवरले. मेळावा दसऱ्यानंतरच्या रविवारी होता. तिसरी हुशारी दसऱ्याच्या सकाळची. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. छापायच्या यंत्राला मी दरवर्षी हार घालतोच. यंदा नव्या पाहुणीचा पहिला दसरा. मी सगळ्या वायरी काढल्या, सगळं पुसलं, हार्ड डिस्क पाटावर मांडली, तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभरून टाकल्या. बायको म्हणाली, "अहो, एक फूल पुरे की." मी म्हणालो, "तुला यातलं काय कळतंय?" मग नारळ फोडला, वायरी परत लावल्या. एक वायर नीट बसेना. तिला जरा जोर केला, बाजूचे दोन्ही स्क्रू पक्के आवळले, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर बटण दाबलं.

डब्यावरचा दिवा लागला. आतून घूं असा आवाज आला. आणि कॉम्प्युटर म्हणाला, असा कुठलाही डबा मला माहीत नाही.

मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. अकरा वेळा. डब्याला थोपटलं. वायर हलवली. देवाला हात जोडले, ज्याच्यामुळे हे झालं होतं त्यालाच. संध्याकाळी कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एका सरांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "फॉरमॅट मारावं लागेल."

"म्हणजे काय होईल?"

"डिस्क स्वच्छ पुसली जाईल. एकदम नव्यासारखी."

"आणि आतली माहिती?"

"ती जाईल. पण डिस्क चालेल ना."

फॉर्म असते तर मी दिवसरात्र बसून परत टाइप केलं असतं. फॉर्म आमच्या अंगावरून वाहून गटारीत गेले होते. चारशे घरी जाऊन 'तुमच्या मुलीचा फॉर्म मी जाळला, दुसरा भरून द्या' म्हणायची वेळ आली होती आणि त्याला पाच दिवस होते. मी घरात तोंड उघडलं नाही. आबांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, छपाई जोरात चालू आहे, आणि त्यांना आवाज जावा म्हणून मागे रिकामं यंत्र चालू ठेवलं.

मंगळवारी सकाळी देवपूरला फोन लावला. सगळं, म्हणजे मी जेवढं सांगितलं तेवढं, नानांनी ऐकून घेतलं. मी त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं की डबा आपोआप बंद पडला आणि एक सर म्हणतात पुसून टाकू.

"मनी बहीन त्या डबामा शे," नाना म्हणाले, "आनि तो म्हनस पुसी टाकूत?"

"काय करू मग?"

"काहीच करू नको. हात लावू नको. सकायले येस."

बुधवारी सकाळच्या गाडीने ते निघाले खरे. अकराला यायचे ते दोन वाजता आले. पारोळ्याच्या अलीकडे त्यांना एस.टी.च्या मागच्या चाकातून कसलासा आवाज ऐकू आला. त्यांनी कंडक्टरला सांगितलं, कंडक्टरने मनावर घेतलं नाही, म्हणून ते ड्रायव्हरपाशी जाऊन बसले. पारोळ्याला ड्रायव्हरने चाक उघडलं तेव्हा त्याने नानांना हात जोडले, आणि मग ते चाक बसेपर्यंत नाना तिथून हलले नाहीत. इकडे मी तीन तास प्रेसच्या पायरीवर बसून होतो. ते पिशवी घेऊन आले, पायरीवर मला बघितलं, आणि माझ्या डोक्यावरून आत डोकावून म्हणाले, "कोठे शे?"

सुमनही सोबत आली होती. तिच्या काखेत वही होती.

"ताई, तू कशाला त्रास घेतलास?" मी म्हणालो.

"माझंच लग्न अडकलंय ना आत," ती म्हणाली, "म्हटलं बघावं तरी कसं दिसतं." आणि माझ्या टेबलाशी बसून तिने वहीचं नवं पान काढलं.

नानांनी डब्याला बाहेरून बघितलं. हात लावला नाही. पिशवीतून मोठा स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचं टोक डब्यावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. सासऱ्यांच्या घोरण्याचं निदानही त्यांनी एकदा असंच दुरूनच केलं होतं, पण तो विषय वेगळा. मिनिटभराने डोळे उघडून म्हणाले, "फिरी राहिनं. चांगलं फिरी राहिनं. याना जीव जायेल नही."

माझ्या अंगात जरा बळ आलं.

"आते बठ्ठं सांग. पहिल्यापासून. खराब म्हनू नको."

मी सांगितलं. दिवा लागतो, आवाज येतो, कॉम्प्युटर ओळखत नाही.

"आनि याना मांगे काय लायेल शे?"

"प्रिंटर."

"तो चालस?"

 प्रिंटरही दसऱ्यापासून बंद होता. पण तो जुना, त्याचं हे नेहमीचंच, असं समजून मी तो विषय मनातून काढून टाकला होता. नाना माझ्याकडे पहिल्यांदा बघून हसले.

"एकच घरमा दोन जन एकदम आजारी पडनात, त पहिले पानी दखनं. डबं चांगलं शे. प्रिंटर चांगला शे. पानी जेठून येस तठे घान शे. शेवटला हात कोना लागना?"

"कुणाचाच नाही."

सुमनने पहिल्या रकान्यात लिहिलं. मला ते उलट्या बाजूने वाचता येत होतं. नाना खुर्चीत टेकून बसले आणि रस्त्यावरच्या रहदारीकडे बघू लागले. मीही बघू लागलो. एक हातगाडी गेली. दोन सायकली गेल्या. देवपूरच्या पिंपावर बसून कित्येक शेतकऱ्यांना घाम फुटताना मी पाहिला होता आणि त्यांना हसलोही होतो. ते पिंप इतकं तापतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"म्हणजे तशी पूजा केली होती," मी म्हणालो.

"कसानी पूजा?"

"दसऱ्याची. वायरी काढून. कुंकू जरा लावलं. चार अक्षता."

"चार?"

"मूठभर."

"ओल्या?"

"ओल्या."

"वायर सरळ गयी का जोर करा?"

"जोर केला. मग स्क्रू आवळले."

नाना उठले. स्क्रू ढिले करून त्यांनी वायरचं टोक डब्याच्या पाठीतून सावकाश काढलं आणि मला उजेडात दाखवलं. त्या टोकाला पंचवीस बारीक पिना दोन ओळींत उभ्या असतात आणि डब्याला तेवढीच भोकं. भोकांवर माझ्या भक्तीचा एक अखंड तांदूळ आडवा चिकटून वाळला होता. शेजारचा दुसरा चिरडून त्याच्या कण्या झाल्या होत्या, आणि त्यांतल्या काही मी माझ्या स्वतःच्या हातांनी, दोन्ही स्क्रू आवळून, भोकात ठोकून बसवल्या होत्या. तीन पिना वाकून आडव्या पडल्या होत्या, नमस्कार घातल्यासारख्या.

मी कोनाड्यातला चिमटा आणायला धावलो. नानांनी मला दंडाला धरून खाली बसवलं. चिमट्याने ओढली तर पीन तुटेल आणि मग तुझी नवी वायर मुंबईहून येईतो मेळाव्यातल्या पोरींना नातवंडं होतील, असं काहीसं ते म्हणाले. मग चहा घेऊन ते बाहेर पडले आणि अर्ध्या तासाने गुरांच्या दवाखान्यातून म्हशीला टोचायची एक जुनी जाड सुई मागून घेऊन आले. तिचं टोक त्यांनी माझ्या पायरीच्या दगडावर घासून बोथट केलं. ती पोकळ सुई वाकलेल्या पिनेवर अलगद चढवायची आणि काडी उभी करावी तशी पीन उभी करायची. पहिली उभी राहिली. दुसरी राहिली. तिसरीला त्यांनी जवळजवळ वीस मिनिटं घेतली, आणि तेवढ्या वेळात प्रेसमध्ये कोणी घसाही साफ केला नाही. मग शिवणाच्या बारीक सुईने भोकांतल्या कण्या एकेक करून बाहेर आल्या. सुमनने त्या कागदावर मांडून मोजल्या. सात निघाल्या. शेवटी रॉकेलचा बोळा फिरवून, वाळू देऊन, नानांनी वायर लावली. ती या वेळी एका बोटाने आत गेली.

"आते चालू कर."

मी बटण दाबलं. दिवा, घूं, आणि पडद्यावर एक एक करत गावांची नावं उतरू लागली. एरंडोल, धरणगाव, बोदवड, शिरपूर. लग्नाच्या मंडपात अक्षता पडल्यावर वाजते तशी ताशाची लय माझ्या छातीत वाजत होती. प्रिंटर, तो म्हातारा, त्यानेही मागून खाकरून एक कागद पुढे केला. मी नानांच्या पायांवर डोकं ठेवलं. ते पाय मागे घेत म्हणाले, "सुमननं पान काढ. दखू दे."

इथे माझी चौथी हुशारी सांगायची राहिली आहे. बहिणीचा फॉर्म नानांनी स्वतः भरला होता. आठ दिवस ते लिहीत होते म्हणे. मी टाइप करताना तो वाचला आणि मला वाटलं, बिचाऱ्याला लिहिता येत नाही, आपण नीट करू. त्यामुळे पानावर आता होतं: 'सुस्वभावी, सुसंस्कृत, गृहकृत्यदक्ष.' मी ते काढलं आणि बाजूला उभा राहिलो. नानांनी दोनदा वाचलं.

"हाई मी लिखेल नही."

"जरा भाषा सुधारली, नाना."

"पाय कोठे गया तिना?"

 सुमन वहीकडे बघत होती.

"पाय लपाडीसन बरा व्हस का?" नाना अगदी हळू म्हणाले. मोटारवाल्यांशी बोलतात त्या आवाजात ते बोलत नव्हते. "मना कागद आन. त्याना वरथीन लिख."

आणि तेव्हा मला बंबाचं सांगावं लागलं. चार दिवसांच्या गरम पाण्याचं, दोन्ही जिल्ह्यांतल्या चारशे फॉर्मांचं, आणि त्यातल्या त्या आठ दिवस लिहिलेल्या एका कागदाचं. चहा घेऊन आलेली बायको दारातून ऐकत होती. तिने कपाळाला हात लावला तो मला दिसला. नाना रागावतील म्हणून मी मान खाली घातली. ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि पडद्याकडे बघत, एकदाही न अडखळता, सगळा मजकूर पाठ सांगितला. हे मात्र प्रमाण मराठीत, कारण असंच लिहिलं होतं म्हणाले. मी टाइप करत गेलो. 'लहानपणीच्या तापाने डावा पाय आखूड, चालताना कळते. बी.ए. अक्षर मोत्यासारखे नाही, पण वाचता येते. स्वयंपाक बरा, भरीत उत्तम. राग येतो, तासाभरात जातो. बाकी लपवण्यासारखे काही नाही.'

"दादा, राग अर्ध्या तासात जातो," सुमन म्हणाली.

"तास," नाना म्हणाले. तास राहिला.

पुढचे तीन दिवस यंत्र थांबलं नाही. शनिवारी पुस्तकं बांधून झाली आणि रविवारी मंगल कार्यालयात माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू झालेलं हे कार्य कसं निर्विघ्न पार पडलं, यावर आबा दहा मिनिटं बोलले. मी नारळ छातीशी धरून नम्रपणे उभा होतो. तिसऱ्या रांगेत नाना बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. त्यांनी ते कधी कोणालाच सांगितलं नाही. आज मीच सांगतोय.

जेवणं चालू असताना एक पस्तिशीचा मनुष्य पुस्तिका उघडी धरून आमच्याजवळ आला. बोदवडचा, केळीचा आणि कापसाचा बागायतदार, थोरली बहीण सोबत. त्याने नानांनाच विचारलं की या पानावरच्या मुलीचं कोण आलंय. चारशे जणांत बाकी सगळ्या गृहकृत्यदक्ष आहेत, तो म्हणाला, ही एकच खरी वाटते. मग जरा थांबून म्हणाला, "नाना, एक सांगतो. मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. ते माझ्या पानावर नाही. घरच्यांनी लिहू दिलं नाही."

त्याच्या बहिणीने त्याच्या पायावर पाय दिला. नानांनी त्या माणसाकडे, मला पंख्याच्या दिवशीही बघितलं नव्हतं तसं, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मंग सुमनले उजवा बाजूले बसाडा," ते म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात देवपूरला त्यांचं लग्न झालं. सगळं व्यवस्थित पार पडलं. मंडपातल्या लाउडस्पीकरसकट.

श्रावणात मी काही कामाने धुळ्याला गेलो होतो, तेव्हा नानांकडे गेलो. दाराशी टेबल होतं, त्यावर कुणाची तरी मोटार ठेवलेली होती. नाना आपले कामात. मी सहज विचारलं, "करमतं का हो, नाना, ताईशिवाय?"

"करमस ना," ते म्हणाले. "त्यात काय व्हयनं? घर मोकयं लागस, बरं शे." आणि पान्हा शोधू लागले. तो त्यांच्या हातातच होता.

खोटं ओळखायला अनुभव लागतो, आणि त्या बाबतीत माझा हात कोणी धरणार नाही.  आठवड्याने जळगावहून फोन केला. म्हणालो, नाना, डबा परत आवाज करतोय, येऊन बघता का? ते सकाळच्या गाडीने आले, या वेळी वेळेवर. डब्यावर हात ठेवून उभे राहिले, वायर बघितली, पडदा बघितला. मग माझ्याकडे वळले.

"काही व्हयेल नही याले."

"नाही ना," मी म्हणालो. "आता आलातच आहात, तर बोदवडला जाऊन येऊ. दुपारची पॅसेंजर आहे."

माझ्यावर रागवायला त्यांना पूर्ण कारण होतं. त्यांनी पिशवी उचलली. स्टेशनवर पेढे घेतले, पाव किलो म्हणता म्हणता अर्धा. भुसावळला गाडी नेहमीसारखी पाऊण तास उभी राहिली. सुटल्यावर नाना खिडकीशी सरकून बसले, आणि आयुष्यभर ज्या रस्त्याने ये-जा केली त्या रस्त्यावर मला लहान मुलासारखं दर स्टेशनाला विचारत राहिले, "आते कितलं राहिनं?"